ग्रुपवर लिंका बुडतात म्हणून आम्ही रेट्रोशेअर लावलं, तुम्हाला लावायचं असेल तर असं लावा

गेल्या पावसाळ्यात आमच्या ग्रुपवर एकानं विचारलं, अरे ते कोल्हापूरचं जुनं गॅझेटियर होतं ना, १८८६ चं, इंग्रजांच्या काळातलं सरकारी माहितीचं पुस्तक, त्याची लिंक कुणी टाकलेली? टाकलेली मीच, पण कधी ते आठवेना, आणि वर वर सरकवत गेलो तर गुड मॉर्निंग, वाढदिवस, दोन श्रद्धांजल्या, आणि पाटाकडील-दिलबहारच्या फुटबॉल मॅचवरनं झालेली भांडणं, ती तर संपता संपेनात. शेवटी इंटरनेट आर्काइव्हवर जाऊन नव्यानं शोधली. पण डोकं फिरलं ते फिरलंच.

आम्ही नऊ जण, कॉलेजपासूनचे. एक कागलला, एक जयसिंगपूरला, दोघं पुण्यात, एक दुबईत, बाकी इथंच, कुणी पेठेत कुणी राजारामपुरीत. माझं डीटीपीचं दुकान, त्यामुळं मला फॉन्ट आणि जुन्या छपाईचं वेड, कागलवाल्याला ऊस आणि ठिबक, दुबईवाल्याला जुने फोटो. लिंका टाकायची खोड मात्र सगळ्यांना सारखी. मग बुकमार्क ठेवायच्या साइट बघितल्या आणि त्यांचा इतिहास बघूनच गार पडलो. डिलिशस नावाची साइट २००३ ला निघाली, २००५ ला याहूनं घेतली, मग ह्याच्या हातातनं त्याच्या हातात फिरत २०१७ ला पिनबोर्डनं विकत घेऊन नुसती बघण्यापुरती ठेवली. गूगल बुकमार्क्स २०२१ च्या सप्टेंबरात बंद. पॉकेट ८ जुलै २०२५ ला बंद. म्हणजे सामान आपलं आणि खोली भाड्याची, मालक म्हणाला उचला की उचलायचं. वर आपण काय वाचतो, कुणाबरोबर वाचतो, ह्याची वही दुसऱ्याच्याच दुकानात.

म्हणून रेट्रोशेअर. २००६ पासून चालू असलेलं फुकट सॉफ्टवेअर आहे, सोर्सकोड उघडा आहे, जाहिरात नाही. मधे कुणाचा सर्व्हर नाही, तुमचा कॉम्प्युटर थेट तुमच्या मित्राच्या कॉम्प्युटरशी बोलतो आणि ते बोलणं एन्क्रिप्टेड असतं, म्हणजे कुलूपबंद, मधल्या कुणाला वाचता येत नाही. चॅट, मेल, फोरम, चॅनेल, फाईल देणंघेणं सगळं त्यात आहे, पण आम्हाला हवं होतं ते त्यातलं बोर्ड, म्हणजे लिंक टाकायची, खाली बाकीच्यांनी मत द्यायचं, कमेंट करायची. भिशी कशी चालते माहीत आहे ना? बँक नाही, मॅनेजर नाही, ओळखीची माणसं आणि प्रत्येकानं ठरल्या दिवशी यायचं, बस. हे तसंच. आणि भिशी जशी माणसं आली नाहीत की बोंबलते तसंच हे पण बोंबलतं, ते पुढं सांगतो.

एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो म्हणजे नंतर शिव्या नकोत. हे कॉम्प्युटरचं काम आहे, विंडोज, लिनक्स, मॅक. मोबाईलवर नीट म्हणावं असं काही नाही. तुमच्या ग्रुपात सगळेच फक्त मोबाईलवाले असतील तर सरळ खाली 'मोबाईलवाल्यांसाठी' ह्या भागात सिंकथिंगवर जा.

बसवताना

रेट्रोशेअर डॉट सीसी ही मूळ साइट, तिथनंच घ्या. सॉफ्टवेअर फुकट वाटणाऱ्या भलत्या साइटवरनं घेऊ नका, प्रायव्हसीसाठी एवढी खटपट करायची आणि सोबत व्हायरस आणायचा, काय उपयोग.

उघडल्यावर पहिल्यांदा प्रोफाईल बनवायला सांगतं. त्यात दोन नावं विचारतं, एक प्रोफाईलचं आणि एक नोडचं. प्रोफाईल म्हणजे तुम्ही, नोड म्हणजे ते मशीन. उद्या घरचा आणि दुकानचा असे दोन कॉम्प्युटर एकाच प्रोफाईलवर लावायचे झाले तर नोडची नावं कामाला येतात, म्हणून नोडला 'दुकान', 'घर' असलं काहीतरी कळेल असं नाव द्या. माझ्या एका मित्रानं नोडला 'नादखुळा१' ठेवलं, आता ते कुठलं मशीन हे त्यालाच आठवत नाही.

मग ते म्हणतं माउस हलवा. हसू नका, खरंच हलवायचा असतो, खाली पट्टी भरेपर्यंत, तुम्ही जसा वेडावाकडा हलवाल त्यातनं ते तुमची एन्क्रिप्शनची किल्ली बनवायला रँडम आकडे गोळा करतं. माझा पुतण्या बाजूला उभा होता, म्हणाला काका गेम खेळताय काय.

पासवर्ड नीट ठेवा. इथं 'पासवर्ड विसरलात का' असलं बटण नाही, कारण विचारायला पलीकडं कुणी बसलेलंच नाही. आणि प्रोफाईल तयार झालं रे झालं की ते एक्सपोर्ट करून पेनड्राईव्हवर टाका. नंतर करतो म्हणू नका, मी म्हटलेलं. तीन महिन्यांनी कॉम्प्युटर स्लो झाला म्हणून एका दुकानात दिला, त्यानं विचारलं डेटा घ्यायचा का, मी म्हटलं डेस्कटॉप आणि डी ड्राईव्ह घे. रेट्रोशेअर आपलं सगळं विंडोजवर ॲपडेटा नावाच्या लपलेल्या फोल्डरात ठेवतं, त्यानं विंडोज नव्यानं टाकताना ते सी ड्राईव्हबरोबर पुसलं गेलं. नवीन प्रोफाईल केलं तर मी सगळ्यांसाठी नवीनच माणूस. सगळ्यांना परत फोन करून परत ॲड करायला लावलं. त्यात अजून एक भानगड झाली, ती बोर्डाच्या भागात सांगतो. तर प्रोफाईल एक्सपोर्ट करा, आणि महिन्यातनं एकदा तो अख्खा फोल्डर पण कॉपी करून ठेवा, लिनक्सवर होम फोल्डरमधे डॉट रेट्रोशेअर नावानं असतो.

एकमेकांना ॲड करणं, खरा खेळ इथं आहे

पहिल्या पानावर तुमची रेट्रोशेअर आयडी दिसते, अक्षरांची लांबलचक माळ. ती कॉपी करून मित्राला द्यायची, त्यानं त्याची तुम्हाला द्यायची, दोघांनी एकमेकांची ॲड करायची. एकट्यानं करून काही होत नाही. आमच्यात निम्म्या तक्रारी ह्याच होत्या, मी तर ॲड केलंय, अरे तू केलंयस पण त्यानं कुठं केलंय.

ही आयडी म्हणजे नुसतं नाव नव्हे. त्यात तुमची किल्ली ओळखायची खूण असते आणि तुमचा आयपी पत्ता, म्हणजे तुमच्या कनेक्शनचा इंटरनेटवरचा नंबर, पण असू शकतो. म्हणून ती फेसबुकवर, स्टेटसवर टाकायची नाही. ज्याला घरचा पत्ता द्याल त्यालाच द्या. हे नेटवर्क त्याच तत्त्वावर चाललंय, तुमचा आयपी फक्त तुम्ही स्वतः ॲड केलेल्यांना दिसतो, मित्राच्या मित्राला नाही. त्यामुळं उगीच दोनशे जण ॲड करत सुटलात तर मुद्दाच गेला. आम्ही ठरवलं, ज्याला भेटून चहा पाजलाय तोच.

पाठवायची कशी? आम्ही आधी मोबाईलवरच पाठवली आणि एकाची काही केल्या घेईना, सारखं चुकीचं सर्टिफिकेट म्हणून परत. अर्धा तास गेला. शेवटी बघितलं तर त्यानं बोटानं सिलेक्ट करताना शेवटची दोन अक्षरं सोडलेली. ह्यात आतच तपासणी असते, एक अक्षर इकडंतिकडं झालं तरी नाकारतं, त्यामुळं चूक झाली तर गुपचूप होत नाही हे एक बरं. पुढच्या रविवारी सगळे मिसळ खायला भेटलो तेव्हा पेनड्राईव्ह फिरवला, प्रत्येकाच्या फाईलला त्याचं नाव, कटाची वाटी परत येईपर्यंत काम झालं. भेटता येत नसेल तर मेलनं पाठवा, पण मग फोन करून फिंगरप्रिंट, म्हणजे किल्लीची ती खूण, वाचून घ्या. चाळीस अक्षरं असतात, चार-चार करून वाचली की अर्ध्या मिनिटाचं काम, आणि आवाज ओळखीचा असला की मधे कुणी दुसऱ्याची किल्ली सरकवली नाही ह्याची खात्री. दुबईवाल्याबरोबर आम्ही असंच केलं.

ॲड झालं पण कनेक्ट होईना

आपल्याकडं हे होणारच, आधीच सांगतो. ॲड केल्यावर पाचदहा मिनिटं थांबा, कधीकधी वेळ लागतो. तरी हिरवं होत नसेल तर बहुतेक सीजीनॅटचा घोळ. म्हणजे नेटवाली कंपनी अनेक गिऱ्हाइकांना मिळून एकच पब्लिक आयपी देते, चाळीतल्या सगळ्यांना मिळून एकच पत्रपेटी असावी तसं, बाहेरनं येणाऱ्याला कळतच नाही कुठल्या दारावर जायचं. मोबाईल नेटवर तर हे असतंच, बऱ्याच फायबरवर पण असतं.

तुमच्याकडं आहे का ते बघायला राउटरचं पान उघडा, साधारण १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ वर असतं, तिथं वॅन आयपी, म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा आयपी, बघा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या कशानं सुरू होत असेल तर सीजीनॅट आहे. दुसरी खूण म्हणजे गूगलला 'माझा आयपी काय' विचारल्यावर येणारा आकडा आणि राउटरवरचा आकडा वेगळा असणं.

ह्यावर दोन उपाय. एक, ग्रुपातल्या निदान एकाकडं खरा पब्लिक आयपी पाहिजे. बाकीच्यांनी सगळ्यांनी त्याला ॲड करायचं. सीजीनॅटमागनं बाहेर जायला अडचण नसते, आत यायलाच असते, त्यामुळं सगळे त्याच्या दारात जातात आणि पोस्टा त्याच्याकडनं सगळीकडं पसरतात. आमच्यात हा मान कागलवाल्याचा, त्याच्या केबलवाल्यानं महिन्याला थोडे पैसे जास्त घेऊन स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा आयपी दिला. राउटरवर यूपीएनपी चालू असेल तर रेट्रोशेअर आपला पोर्ट, म्हणजे राउटरमधनं आत यायचं दार, आपण उघडून घेतं, नसेल तर पोर्ट फॉरवर्ड हातानं करावा लागतो, नेटवर्कच्या सेटिंगमधे तो पोर्टचा आकडा दिसतो.

दुसरा उपाय टॉर, म्हणजे तुमचं बोलणं मधल्या अनेक मशीनवरनं फिरवून तुमचा आयपी लपवणारं नेटवर्क. प्रोफाईल बनवताना ॲडव्हान्स्डमधे हिडन नोडचा पर्याय आहे. टॉरवर फक्त बाहेर जाणारं कनेक्शन लागतं म्हणून सीजीनॅट आडवं येत नाही, वर मित्राला पण तुमचा आयपी कळत नाही. स्पीड मात्र कमी, फोटो पाठवताना पाव तास बघत बसायची तयारी ठेवा. लिंका टाकायला काय, लिंक ती केवढी. आम्ही आज परत सुरुवात केली तर सगळ्यांनाच टॉरवालं करायला लावू, कारण काही साधे काही टॉरवाले असली मिसळ केली की साध्यावाल्यांना टॉरची सेटिंग वेगळी करत बसावी लागते.

आता भिशीचं. मधे सर्व्हर नाही म्हणजे मी रात्री पोस्ट टाकून कॉम्प्युटर बंद केला आणि दुबईवाल्यानं सकाळी उघडला तर त्याला काही दिसत नाही. दोघं कधीतरी एकाच वेळी चालू पाहिजेत, किंवा दोघांचा मित्र असलेलं तिसरं मशीन कायम चालू पाहिजे. सुरुवातीला दोन आठवडे आमचं हेच झालं, बोर्ड सुना सुना, सगळे म्हणाले हे काय चालत नाही राव. मग कागलवाल्याच्या घरात पडलेला जुना लॅपटॉप काढला, स्क्रीनवर रेघा आलेला, त्यावर लिनक्स आणि रेट्रोशेअर टाकून माळ्यावर ठेवला. असा लॅपटॉप पंधरा वॅट खातो असं धरा, चोवीस तास चालला तर महिन्याला साधारण अकरा युनिट. झाकण मिटल्यावर झोपू नये ही सेटिंग करायला विसरू नका, आम्ही विसरलो आणि दोन दिवस नेटवर्क शोधत बसलो. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते पण लाईट गेली की राउटर जातो, राउटरला तो छोटा डबीएवढा यूपीएस मिळतो तो लावा. आता पुण्यात पण एक मशीन ठेवलंय, कारण कागलच्या ट्रान्सफॉर्मरवर आमची श्रद्धा संपली.

बोर्ड

बोर्ड काढताना ते विचारतं कुणाकुणात वाटायचं. पब्लिक ठेवलं तर मित्रांचे मित्र, त्यांचे मित्र असं कुणीही सबस्क्राईब करून पसरवू शकतं. घरगुती ग्रुपाला सर्कल, म्हणजे ठराविक माणसांचं कोंडाळं, बरं, आधी सर्कल बनवा, त्यात माणसं घ्या, त्यांनी आमंत्रण स्वीकारायचं, मग बोर्ड त्या सर्कलपुरता.

नाव लिहिताना दोनदा वाचा. मी घाईत आमच्या बोर्डाचं नाव 'वाचनखुना' टाकलं, ण च्या जागी न. म्हटलं नंतर सुधारू. मग ते विंडोजचं झालं. बोर्डाची मालकीची किल्ली माझ्या जुन्या प्रोफाईलबरोबर गेली. पोस्टा सगळ्यांच्या मशीनवर होत्या म्हणून वाचल्या, बोर्ड अजून चालतो, सगळे टाकतात, पण नाव बदलायचा हक्क आता पृथ्वीवर कुणाकडं नाही. छपाईचा धंदा करणाऱ्या माणसाच्या नावावर हा न कायमचा बसला.

नुसतं बोर्ड दिसतंय म्हणून बघून सोडून देऊ नका, सबस्क्राईब करा. सबस्क्राईब केलेल्या मशीनवरच पोस्टा साठतात आणि पुढं जातात. मग बोर्डावर राइट-क्लिक करा, तिथं दोन गोष्टी असतात, किती जुन्या पोस्टा मागवायच्या आणि किती दिवस साठवायच्या. चॅटला महिनाभर ठीक, पण बुकमार्कला दोन्हीकडं इनडेफिनेटली ठेवा, म्हणजे कायम. नाहीतर वर्षा-दोन वर्षांनी लिंका आपोआप पुसल्या जातील आणि आपण परत ग्रुपवर विचारत बसू, ते गॅझेटियर कुणी टाकलेलं.

पोस्ट टाकायचे आमचे दोन नियम आहेत. शीर्षक स्वतःच्या शब्दात मराठीत लिहायचं, 'हे बघा' चालणार नाही, कारण वर्षानं शोधणार तो शब्दानंच शोधणार. म्हणजे असं: 'कोल्हापूर गॅझेटियर १८८६, मुंबई इलाख्याचा २४ वा खंड, स्कॅन प्रत'. आणि लिंक धुऊन टाकायची. धुऊन म्हणजे, मोबाईलवरनं शेअर केलेल्या लिंकच्या शेपटीला प्रश्नचिन्हानंतर भलती अक्षरं चिकटलेली असतात, यूटीएम असं काहीतरी, एफबीसीएलआयडी, यूट्यूबला एसआय. ही शेपटी सांगते की लिंक कुठनं आली, आणि त्यातल्या काही तर कुणी शेअर केली ते पण. एवढं एन्क्रिप्टेड नेटवर्क उभं करून त्यात असली शेपटीवाली लिंक टाकणं म्हणजे दार लावून खिडकी उघडी. प्रश्नचिन्हापासनं पुढचं उडवा आणि लिंक उघडते का बघा. यूट्यूबच्या लांब लिंकमधे मात्र प्रश्नचिन्हानंतर व्ही असतो तो व्हिडिओचा नंबर, तो उडवला तर व्हिडिओच गेला, त्याच्या पुढचं अँड चिन्हापासनं काढा. फायरफॉक्समधे लिंकवर राइट-क्लिक केल्यावर साफ लिंक कॉपी करायचा पर्याय येतो, तो बहुतेक शेपट्या स्वतःच छाटतो.

अजून एक, वर्तमानपत्रांच्या लिंका फार लवकर मरतात. महत्त्वाचं असेल तर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर पान साठवून त्याची लिंक पण कमेंटमधे टाका.

मतं द्यायची सोय आहे, वर बाण खाली बाण. हॉट, न्यू, टॉप अशी लावून बघता येतात. आमच्यात सुरुवातीला एकानं दुसऱ्याच्या सगळ्या लिंकांना खालचा बाण दिला, कारण विचारलं तर म्हणे त्यानं माझे पाचशे रुपये द्यायचेत. असो.

आमचा दुसरा बोर्ड 'पाणी' नावाचा, आणि खरं सांगायचं तर हाच जास्त कामाला आला. जुलै-ऑगस्टात कोल्हापुरात दुसरं काही बोलणं नसतं, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट, ३९ ला इशारा, ४३ ला धोका, शिवाजी पुलाला मच्छिंद्री झाली का, म्हणजे पाणी पुलावरच्या खुणेला लागलं का, राधानगरी धरणाचे सातपैकी किती दरवाजे उघडले. आणि ग्रुपवर २०१९ चा व्हिडिओ आत्ताचा म्हणून फिरतो. 'पाणी' वर नियम असा की सरकारी आकड्याची लिंक किंवा स्वतः काढलेला फोटो, आणि शीर्षकात तारीख आणि वेळ. फॉरवर्ड टाकला की खालचा बाण. जयसिंगपूरवाल्याची आई ह्या बोर्डावरनं ठरवते की जनावरं हलवायची का, तो रात्री उघडून वाचून दाखवतो.

मोबाईलवाल्यांसाठी

नऊपैकी दोघं कॉम्प्युटर उघडतच नाहीत. त्यांच्यासाठी आम्ही सिंकथिंग ठेवलंय. हे सोशल नेटवर्क नाही, नुसता एक फोल्डर सगळ्यांच्या मशीनवर सारखा ठेवतं, मधे सर्व्हरवर कॉपी नाही. कॉम्प्युटरवर ब्राउझरमधे उघडतं, १२७.०.०.१ आणि पोर्ट ८३८४. प्रत्येक मशीनची ५६ अक्षरांची डिव्हाईस आयडी असते, मोबाईलवर क्यूआर स्कॅन केला की झालं, आणि इथं पण दोघांनी हो म्हणावं लागतं. सीजीनॅटचा त्रास कमी, थेट जमलं नाही तर लोकांनी चालवलेल्या रिलेवरनं, म्हणजे मधल्या मशीनवरनं, जातं आणि रिलेवाल्याला आतलं वाचता येत नाही. अँड्रॉइडचं मूळ ॲप २०२४ च्या डिसेंबरात बंद केलंय, त्यावरनं काढलेलं सिंकथिंग-फोर्क वापरतात. फोनच्या सेटिंगमधे त्याचं बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा, नाहीतर फोन त्याला झोपवून टाकतो.

आम्ही पहिल्यांदा त्यात एकच 'लिंका' नावाची टेक्स्ट फाईल ठेवली आणि सगळे त्यातच लिहायला लागलो. एकाच वेळी दोघांनी लिहिलं की सिंकथिंग भांडण सोडवत बसत नाही, सिंक-कॉन्फ्लिक्ट नावाची दुसरी फाईल करून ठेवतं. आठवड्यात अकरा फाईली झाल्या, कुठली खरी कुणालाच कळेना. उपाय साधा निघाला, प्रत्येकाच्या नावाची वेगळी फाईल, दुसऱ्याच्या फाईलला हात लावायचा नाही, वाचायचं फक्त. एका ओळीत तारीख, लिंक आणि चार शब्द. तेव्हापासनं एक पण भांडण नाही. आणि कायम चालू असलेल्या मशीनवर फाईल व्हर्जनिंग, म्हणजे जुन्या प्रती राखून ठेवणं, चालू करा, कारण एकानं चुकून फोल्डर पुसला की तो सगळ्यांकडनं पुसला जातो.

ब्रायर पण सांगून ठेवतो. अँड्रॉइडचं ॲप, २०१८ ला पक्की पहिली आवृत्ती आली. इंटरनेट असेल तर टॉरवरनं चालतं, नसेल तर ब्लूटूथ किंवा एकाच वायफायवरनं. त्यात मेसेज, फोरम, ब्लॉग आहेत. समोरासमोर बसून एकमेकांचा क्यूआर स्कॅन केला की ओळख झाली. रंकाळ्यावर भेळ खात बसलेलो, चौघांनी एरोप्लेन मोड लावला, फक्त ब्लूटूथ चालू, आणि मेसेज गेला की ओ! मग एकाला म्हटलं तू चालत जा, कुठपर्यंत येतंय बघू, तर दहाबारा पावलं गेला आणि बंद. म्हणजे पेठेतनं बावड्याला थेट जाणार नाही. पण फोरमची पोस्ट प्रत्येकाच्या फोनवर साठते, त्यामुळं माणूस फोन घेऊन दुसऱ्या ठिकाणी गेला आणि तिथं ओळखीचा भेटला की पोस्ट पुढं सरकते. टॉवर बंद पडल्यावर एवढं पण पुष्कळ. फक्त पुराचं पाणी यायच्या आधी ॲड करून ठेवायला लागतं, आणि आयफोनवर नाही, पासवर्ड विसरला तर सगळं गेलं, बॅटरी पण खातं, पॉवर बँक ठेवा.

आता प्रायव्हसीबद्दल लोकांचे गैरसमज फार असतात म्हणून थोडं. हे लावलं म्हणजे तुम्ही अदृश्य झालात असं नाही. साध्या रेट्रोशेअरमधे नेटवाल्या कंपनीला आत काय चाललंय ते दिसत नाही, पण तुमचं मशीन कुठल्या आयपीशी बोलतंय ते दिसतं. मित्र शोधायला ते बिटटोरंटवालं डीएचटी, म्हणजे कोण कुठल्या पत्त्यावर आहे ह्याची सगळ्यांच्या मशीनवर विखुरलेली यादी, वापरतं, ते नको असेल तर नेटवर्कच्या सेटिंगमधे मोड बदलून डार्कनेट करा, पण मग आयपी बदलला की मित्राला सापडायला उशीर. बोर्डावरची लिंक तुम्ही ब्राउझरमधे उघडली की ती साइट तुम्हाला बघतेच, तिला काय माहीत तुम्ही कुठनं आलात. एकदा पसरलेली पोस्ट मागं घेता येत नाही, बाकीच्यांच्या डिस्कवर गेलेली असते. आणि मित्रानं स्क्रीनशॉट काढून दुसरीकडं टाकला तर त्याला एन्क्रिप्शन काय करणार, त्याला शिव्याच घालायला लागतात. शेअर्ड फोल्डरची यादी पण एकदा उघडून बघा, डाउनलोडचा फोल्डर त्यात नको, आमच्यातल्या एकाचं पॅनकार्ड आणि लग्नाची पत्रिका आम्ही सगळ्यांनी बघून झालीय.

पुढच्या महिन्यात नवीन बोर्ड काढायचा म्हणतोय, ण बरोबर घेऊन, आणि मालकीची किल्ली असलेलं प्रोफाईल ह्यावेळी दोन पेनड्राईव्हवर, एक दुकानात एक घरी. जुन्यातल्या लिंका हातानंच एकेक करून न्यायला लागणार. टॉपला अजून १८८६ चं गॅझेटियरच आहे, सात मतं. राहिलेल्या दोघांनी ते गॅझेटियर अजून उघडलेलं नाही, इंग्रजीत हाय म्हणे.